बाबुली मेस्त्री, पंजुर्ली आणि मालगुडीचा स्वामी

मूळ भाषेत पाहता येत असेल तर सिनेमा डब केलेला पाहू नये, हे माझं मत घरात सगळ्यांना पाठ आहे. अलीकडे ते आणखी पक्कं झालं, त्याला कारण दोन सिनेमे. १२ सप्टेंबर २०२५ला मराठी ‘दशावतार’ आला आणि २ ऑक्टोबरला कन्नड ‘कांतारा : चॅप्टर १’. मधे जेमतेम तीन आठवडे. एक तळकोकणातला, दुसरा त्याच किनाऱ्यानं खाली उतरत गेलं की लागणाऱ्या मुलखातला. दोन्हींत रान आहे, जमीन आहे आणि चेहऱ्याला रंग फासून उभा राहणारा माणूस आहे.

बंगळूरला मराठी सिनेमाचा खेळ लागतो तो बहुधा शनिवार-रविवारी, तोही अडनिड्या वेळेला, आणि बघता बघता उतरतो. त्यामुळे परीक्षणं वाचून मग ठरवू, ही चैन आम्हाला परवडत नाही. आधी तिकीट काढायचं, मत नंतर.

तर ‘दशावतार’. दिग्दर्शक सुबोध खानोलकर. पण खरं सांगू? मी गेले ती दिलीप प्रभावळकरांसाठी. सिनेमा आला तेव्हा ते एक्क्याऐंशी वर्षांचे होते. त्यांचा बाबुली मेस्त्री हा डोळे अधू होत चाललेला दशावतारी नट. मुलगा म्हणतो, बाबा, आता पुरे. आणि बापाच्या हातून रंग सुटत नाही. बापलेकांचा हा भाग इतका जिव्हाळ्याचा आहे की उत्तरार्धात खाणीचं प्रकरण येऊन सिनेमा सूडाच्या वाटेला लागला, तेव्हा मला तो जरा भरधाव वाटला. प्रभावळकर मात्र एकदाही भरधाव होत नाहीत. पुढचं सांगत नाही, तुम्ही पाहायचा असेल.

शेजारी नात बसली होती. जन्म बंगळूरचा, मराठी घरात ऐकून आलेलं. पंधरा मिनिटांनी कानाशी लागली, “आजी, हे कुठलं मराठी?” मालवणी, म्हटलं. मग तिनं खालच्या इंग्रजी ओळी वाचायला सुरुवात केली.

‘कांतारा’ला आमची सून बरोबर होती. ती मंड्याची, म्हणजे कन्नड तिची आईची भाषा. तरी २०२२चा पहिला ‘कांतारा’ पाहताना तिनंही दोनदा विचारलं होतं, “काय म्हणाला हो तो?” कारण त्यातलं बोलणं कुंदापूरकडचं. तिथलं कन्नड मंड्याच्या माणसाला असंच, जसं आपलं मालवणी नागपूरकराला. रिषभ शेट्टी त्याच तालुक्यातल्या केराडी गावचा. सिनेमाही त्यानं तिथंच काढला. शिवाय पंजुर्ली आणि गुळिग ही दैवतं तुळू मुलखातली.

पुण्याच्या धाकट्या बहिणीनं तो हिंदीत पाहिला आणि फोन केला. “ताई, मला सगळं कळलं.” माझी तक्रार नेमकी तीच आहे! इथं थिएटरात कानडी माणसालाही सगळं कळत नव्हतं, आणि त्या न कळण्यातच ते गाव किती आतलं आहे हे कळत होतं. हिंदीत ते सारं एकसारखं गुळगुळीत होऊन जातं. जमीनदार आणि गडी एकाच शाळेत शिकल्यासारखे बोलतात.

नव्या ‘कांतारा’बद्दल थोडक्यात : देखणा आहे, प्रचंड आहे, रुक्मिणी वसंत छान. कथा मागे कदंबांच्या काळात जाते. पण मला पहिलाच जास्त आवडला. त्यात माणसं होती. यात फौजा आहेत.

दोन्ही सिनेमे पाठोपाठ पाहिले की एक फरक मात्र लख्ख दिसतो. दशावतार हे नाटक आहे. जत्रेतलं, देवळासमोरचं, रात्रभर चालणारं, पण नाटक. विष्णू झालेला नट सकाळी तोंड धुऊन चहा पितो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. भूतकोलाचं तसं नाही. ती पूजा आहे, तिथं दैव अंगात येतं अशी श्रद्धा आहे. म्हणूनच नवा ‘कांतारा’ लागल्यावर काही उत्साही प्रेक्षक थिएटरात आणि रस्त्यावर दैवाची नक्कल करू लागले, तेव्हा कृपा करून असं करू नका, अशी विनंती निर्मात्यांना काढावी लागली. बाबुलीची नक्कल कुणी केली असती तर तो खूश झाला असता.

आणि हे दोन किनारे परके नव्हेतच. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं, आणि ५ नोव्हेंबर १८४३ला ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. दर ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो. त्या दिवशी कानडी पाहुण्यांचीही आठवण काढायला हरकत नाही. भाव्यांनी जे पाहिलं ते त्यांनी मराठीवर चिकटवलं नाही, नव्यानं रचलं. डबिंगवाल्यांकडून तेवढी अपेक्षा नाही म्हणा.

माझ्या या मताला घरातूनच विरोध आहे, आणि तो करणाऱ्या आमच्या विहीणबाई आहेत. कर्नाटकात १९६०च्या दशकापासून डबिंगला अलिखित बंदी होती. तमिळ, तेलुगू, हिंदीच्या लोंढ्यात आपला लहानसा धंदा वाहून जाईल, ही भीती. राजकुमारांसारखा नट त्या बाजूनं उभा होता. कायदा नव्हता, पण रिवाज कायद्यापेक्षा कडक. २०१५ साली स्पर्धा आयोगानं त्याविरुद्ध निकाल दिला, मग हळूहळू दार उघडलं. विहीणबाई म्हणतात, “तुम्हाला चार भाषा येतात, तुमचं चालतं. १९८७ साली सगळा देश ‘रामायण’ पाहत होता आणि मी चित्रं पाहत होते.” हिंदी त्यांना येत नव्हतं. टीव्हीवर ‘महाभारत’ कन्नडमधून ऐकायला त्यांना २०२०चा लॉकडाऊन उजाडावा लागला. माझं मत बदललेलं नाही. विहीणबाईंपुढे मी ते बोलून दाखवत नाही, इतकंच.

त्यांच्याच आग्रहावरून आम्ही पुन्हा ‘मालगुडी डेज’ लावली. १९८६ची मालिका, आजही एक भाग म्हणता म्हणता तीन होतात. आता यात मूळ भाषा कुठली म्हणाल? आर. के. नारायण घरी तमिळ, राहिले म्हैसूरला, लिहिलं इंग्रजीत. शंकर नाग होन्नावरचा कोंकणी, मुंबईत मराठी नाटकं करून आलेला. चाफेकर बंधूंवरच्या ‘२२ जून १८९७’च्या लेखनात त्याचा हात होता. मालिका चित्रित झाली आगुंब्याच्या पावसात, आणि आपण पाहिली हिंदीत. छोटा मंजुनाथ स्वामी झाला तो असा, की पुस्तक वाचताना दुसरा चेहरा डोळ्यांपुढे येत नाही. ३० सप्टेंबर १९९०ला दावणगेरेजवळ अपघातात शंकर गेला, उणापुरा पस्तिसाचा. अरुंधती नाग यांनी इथं जे. पी. नगरमध्ये २००४ साली ‘रंगशंकरा’ उभं केलं. तिथं नाटक सुरू झालं की उशिरा येणाऱ्याला प्रवेश नाही, मग तो कुणीही असो. मध्यंतरातल्या साबुदाणा वड्याची ख्याती तर नाटकांच्या बरोबरीची.

स्वामीचा कडक बाप झालेले गिरीश कार्नाड. ‘उंबरठा’मधला स्मिता पाटीलचा नवराही तेच. त्यांचं आत्मचरित्र मी सध्या वाचते आहे, ‘खेळता खेळता आयुष्य’, अनुवाद उमा कुलकर्णींचा. पुस्तक अर्पण केलंय पुण्याच्या डॉ. मधुमालती गुणे यांना. का? तर कार्नाड पोटात असताना आईनं हे मूल नको असं ठरवलं होतं, ती दवाखान्यात गेली, आणि त्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्याच नाहीत! ही गोष्ट आईनंच पुढे जेवताना सहज सांगितली म्हणे. आई लहान वयात विधवा झालेली, पदरी मूल, नर्सिंगकडे वळलेली, पुन्हा लग्न केलेली. आणि मुलगा हे सारं आडपडदा न ठेवता लिहितो. काही ठिकाणी तो स्वतःवर फारच खूश आहे, पण वाचवत नाही असं एक पान नाही.

विहीणबाईंकडे मूळ कन्नड ‘आडाडता आयुष्य’ आहे. रोज संध्याकाळी फोन होतो, माझं मोडकं कन्नड आणि त्यांचा धीर यांवर. पानांचे आकडे जुळत नाहीत, म्हणून गावांच्या नावानं हिशेब ठेवतो. त्या धारवाडला पोचल्यात. मी अजून शिरसीतच आहे.