‘व्हाइट डिस्चार्ज’ला मराठीत काय म्हणतात?

गेल्या दिवाळीत किन्हीराजाला मावशीकडे गेले होते. वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं हे गाव. फराळ, गप्पा सगळं नेहमीसारखं, पण मावशी उठता-बसता कंबर धरत होती. रात्री दोघीच होतो, तेव्हा हळूच म्हणाली, “वर्ष झालं, अंगावरून पांढरं जाते वं.”

मी उडालेच! “अगं, मग डॉक्टरांना दाखवलं नाहीस?”

“गेल्ती ना. मांगं सासूबाई बसेल होत्या, डॉक्टर आपल्या पोराच्या वयाचा. ‘व्हाइट डिस्चार्ज आहे का?’ म्हणे. मले काय समजते! म्या सांगतलं, नाही.”

मिळाल्या कॅल्शियमच्या गोळ्या. हसावं की रडावं?

बरं, मावशी एकटी नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के बायकांना किमान एक स्त्रीरोग होता आणि त्याआधी अशी तपासणी झाली होती जेमतेम ८ टक्के जणींची. म्हणजे दुखणं घराघरात, पण बोलणार कोण आणि कुणाशी?

माझी चुलत बहीण एमबीबीएसला आहे. २०१९ पासून त्यांच्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ आलंय. म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद. तिला मावशीचा किस्सा सांगितला, तर म्हणाली, “ताई, आम्हाला शिकवतात ना! आधी नातेवाइकांना बाहेर बसवा, सिस्टरला थांबवा, पडदा ओढा, मग विचारा. रोल-प्लेसुद्धा करतो. पण पेशंट झालेली माझी मैत्रीणच ‘व्हाइट डिस्चार्ज’ म्हणते!”

घोडं अडलंय ते इथेच. पडदा ओढला, पण शब्दच नसतील तर? पांढरं जाणं, धुपणी, अंग बाहेर येणं, दूर बसणं... बायका बोलतात ते असं. ही भाषा वर्गात बसून येत नाही, त्यासाठी बायकांचंच ऐकावं लागतं.

मावशीला मग वाशीमला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना बाहेर बसवलं आणि सरळ विचारलं, “पांढरं जाते का, मावशी?” झालं, मावशी घडाघडा बोलली! इन्फेक्शन होतं, औषधाने बरं झालं.

परवा बहिणीने मावशीला फोन लावला. “मावशी, अजून कोणते शब्द आहेत हो?” अर्धा तास मावशी सांगत होती आणि भावी डॉक्टरीणबाई वहीत उतरवून घेत होत्या.

फी? पुढच्या दिवाळीत किन्हीराजाला यायचं, बस्स!