फी आज, शिष्यवृत्ती उद्या

जुन्या नाशकातल्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्या भाईंनी गेल्या वर्षी बायकोच्या बांगड्या गहाण ठेवल्या. लेकीला बी. फार्मला प्रवेश मिळाला होता, पण जातीचा दाखला हातात नव्हता. "सवलत मिळेल की," मी म्हणालो. "मिळेल हो. पण कॉलेजला पैसे आज हवेत," ते म्हणाले.

योजना नाहीत असं नाही. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ केली. मोमीन, पिंजारी अशा ओबीसी यादीतल्या आपल्या मुलींनाही ती लागू आहे. पण दाखला वेळेत नसेल तर माफी कागदावरच राहते. आणि हॉस्टेल, मेस, पुस्तकं यांचा खर्च उरतोच.

मग कर्ज. आपल्याकडे अनेक घरं व्याज नको म्हणून बँकेची पायरी चढत नाहीत. नाइलाज झाला की मात्र सोनं गहाण पडतं. तिथेही व्याज असतंच, फक्त त्याबद्दल कुणी बोलत नाही. परदेशी शिकणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जाचं व्याज भरणारी 'पढो परदेश' योजना केंद्राने 2022-23 पासून बंद केली. संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वर्षी थांबली. त्या पुन्हा सुरू करा, ही मागणी सोडता कामा नये. पात्र विद्यार्थ्याकडून आधी पूर्ण फी न घेता हमीपत्र घ्यावं, असा आग्रह कॉलेजांकडेही धरायला हवा.

पण तोवर आपण काय करणार? कुरआनने (सूरह तौबा, आयत 60) जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले, त्यांत कर्जात बुडालेलाही आहे. रमजानमध्ये आपण हात सैल सोडतो, आणि जूनमध्ये प्रवेश सुरू होतात तेव्हा झोळी रिकामी असते. प्रत्येक मोहल्ल्याने सदक्यातून एक छोटा निधी राखून ठेवावा. त्यातून फीसाठी बिनव्याजी कर्ज-ए-हसना द्यावं, सवलतीचे पैसे आले की ते परत घ्यावं आणि पुढच्या मुलीला द्यावं. जे आधीच कर्जात अडकलेत, त्यांच्यासाठी जकात आहेच.

आणि एक काम तर बिनपैशाचं आहे. दहावी-बारावीच्या मुलांचे दाखले निकालाआधीच काढून ठेवायचे. मशिदीच्या आवारात चार सुशिक्षित तरुण दोन रविवार बसले तरी पुरे.

त्या बांगड्या अजून सुटलेल्या नाहीत. दाखला वेळेत असता, तर त्या गहाण पडल्याच नसत्या.