'औषध' मारलंत का?

पौष सरत आला की आमच्या वाडीत मोहोराच्या वासाआधी फवारणीच्या पंपाचा आवाज येतो. मग कुंपणापलीकडून विचारणा होते, "काय गुरुजी, यंदा औषध मारलंत की नाही?" नाही म्हटलं की समोरचा कीव आल्यासारखा बघतो.

जन्मभर मराठी शिकवली म्हणून असेल, पण मला पहिला राग येतो तो या शब्दाचा. डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण असलेल्या द्रावणाला औषध कसं म्हणायचं? ते विषच.

बागायतदारांबद्दल मी बोलत नाही. त्यांचं वर्षाचं पोट आंब्यावर असतं. मी बोलतोय ते आपल्या परसातल्या चार-पाच कलमांबद्दल.

तुडतुडे येतात, भुरी पडते, हे मलाही दिसतं. पण तुडतुड्यांना दाट सावली आवडते. आंबे उतरल्यावर आतल्या फांद्या विरळ करून ऊन आत येऊ दिलं तर निम्मं काम होतं. त्यातूनही फवारायचंच असेल तर मोहोर उमलण्याआधी फवारा. फुलं उमलल्यावर कशासाठी? आंब्याचा पराग चिकट, वाऱ्याने तो फारसा उडत नाही. फळ धरतं ते माश्या-मधमाश्यांच्या येण्याजाण्याने. आणि नेमक्या त्याच आपण मारतो!

"पण मोहोर गळतो हो!" अहो, गळणारच. एका तुऱ्याला शेकडो फुलं, कधी हजारांवर. त्यातली बरीचशी नुसती नरफुलं, त्यांना फळ धरतच नाही. तुऱ्याला एखाददुसरा आंबा टिकला तरी झाड लगडतं. त्यात हापूस वर्षाआड धरणारा. त्याच्या विश्रांतीच्या वर्षाला आपण रोग समजतो.

शहाणपणा शिकवतोय असं वाटेल, म्हणून कबूल करतो. एके वर्षी मीही भर मोहोरात फवारा मारून घेतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली मेलेल्या मधमाश्या पडल्या होत्या आणि धाकटी नात त्या वेचून पानावर ठेवत होती. तिथून विहीर दहा पावलांवर. तिचा हात धुताना मला विहिरीच्या पाण्याचीही शंका आली.

त्यानंतर पंप आमच्या परड्यात आलेला नाही. आंबे कधी कमी येतात, कधी डागाळलेले येतात. घरात खायला, लेकींकडे पाठवायला पुरतात.

असो. यंदा मोहोर उमलला की पंपवाल्याला बोलावण्याआधी एक सकाळ झाडाखाली खुर्ची टाकून बसा आणि त्यावर कोण कोण येतं ते बघा. मग ठरवा.