कुणीतरी विचारले म्हणून

दहावीचा निकाल लागला की गावोगावी गुणवंतांचे सत्कार होतात. शाल, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, पाहुण्यांसोबत फोटो. मुलांचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्या व्यासपीठावरून मुलाच्या हाती नेमके काय द्यायचे, याचा विचार करताना १९०७ सालचा एक सत्कार आठवावा.

भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला, म्हणून ती सभा भरली होती. अस्पृश्य ठरवलेल्या समाजातला मुलगा मॅट्रिक होणे ही तेव्हा मोठीच गोष्ट. समाजसुधारक सी. के. बोले अध्यक्ष होते. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले.

केळुसकर गुरुजी शिकवायचे विल्सन हायस्कुलात. म्हणजे भीमराव त्यांच्या शाळेतला नाही, जातीतला नाही, नात्यागोत्यातला तर नाहीच. ओळख झाली ती चर्नी रोडच्या बागेत. परळच्या चाळीतल्या खोलीत निवांतपणा कुठला? शाळा सुटली की हा मुलगा पुस्तक घेऊन बागेत येऊन बसे. केळुसकरही तिथे येत. रोज वाचताना दिसणाऱ्या मुलाची त्यांनी आपणहून चौकशी केली, मग त्याला पुस्तके देऊ लागले. पुढे इंटर झाल्यावर शिक्षण अडले, तेव्हा त्याला सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले तेही केळुसकरच. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि बी. ए.ची वाट मोकळी झाली.

बुद्धचरित्र वाचून झाल्यावर भीमरावाने वडिलांना विचारले, बुद्धाची ओळख तुम्ही आम्हाला का करून दिली नाहीत? हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. वडील रामजी सुभेदार मुलांकडून रामायण-महाभारत नेमाने वाचून घेत, त्यामुळे आपण बुद्धाकडे गेलो ते रिकाम्या मनाने नाही, असेही ते नमूद करतात. तुलना करायला लागणारी पारडी घरातूनच मिळाली होती. तोलायला दुसरे काही बागेतल्या परक्या माणसाने दिले. जिज्ञासा अशीच जागी होते. घरच्या संस्कारांना बाहेरचे कुणीतरी भेटते आणि मुलाला प्रश्न पडतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा त्या पुस्तकभेटीला ४९ वर्षे झाली होती. मधल्या काळातला अभ्यास आणि संघर्ष सर्वस्वी त्यांचा. पण बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू, असे ते जाहीरपणे सांगत. यांतला एकही त्यांना प्रत्यक्ष भेटलेला नव्हता. जोतीराव तर त्यांच्या जन्माआधीच, १८९० साली गेले होते. कबीर आला कबीरपंथी वडिलांच्या घरातून, बुद्ध आला केळुसकरांच्या हातून. इतक्या स्वतंत्र बुद्धीच्या माणसालाही हे ऋण सांगताना कमीपणा वाटला नाही. मग आपण स्वतःच्या बळावर घडलो, असे म्हणताना आपण थोडे थबकायला हवे. आपली आवड, आपली मते, सकाळी उठून आपण काय शोधायला निघतो, यामागे कुणाचा तरी हात असतोच.

केळुसकर १९३४ साली वारले. आपण दिलेल्या पुस्तकाचे पुढे काय झाले, हे त्यांना कधीच कळले नाही. देणाऱ्याला ते कळत नसते, तरी द्यायचे असते.

म्हणून यंदा सत्काराला जाल तेव्हा तुम्ही स्वतः मनापासून वाचलेले एक पुस्तक सोबत न्या. ते हातात देण्याआधी दोन मिनिटे त्या मुलाजवळ, त्या मुलीजवळ बसा आणि विचारा, 'बाळा, सध्या काय वाचतोस? काय वाचतेस?' आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.