नाडी रक्तात नसते

लग्नाच्या बायोडेटात रास, गण, नाडी यांच्या जोडीला ‘रक्तगट’ ही ओळ आता हमखास दिसते. ती वाचली जाते मात्र भलत्याच कारणासाठी. दोघांचा रक्तगट एकच निघाला की ‘एक नाडी आहे, मुलं होणार नाहीत, झाली तर व्यंग घेऊन येतील’ असं कोणीतरी सांगतं आणि जमत आलेली सोयरीक मोडते. शिकल्यासवरल्या घरांतही हे चालतं. या समजुतीत तथ्य अजिबात नाही. शिवाय तिच्या नादात जे खरोखर तपासायला हवं, ते राहून जातं. माझी तक्रार मुख्यतः याबद्दल आहे.

पूर्वपक्ष असा : जवळच्या रक्तात लग्नं होऊ नयेत म्हणून पूर्वजांनी नाडी पाहायला सांगितली आणि नाडी म्हणजेच आजचा रक्तगट. ऐकायला पटण्यासारखं आहे. पण नाडी ठरते जन्मवेळच्या चंद्रनक्षत्रावरून. नक्षत्रं २७, नाड्या तीन : आद्य, मध्य, अंत्य. प्रत्येकीच्या वाट्याला नऊ नक्षत्रं. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. भरणीवर जन्मलेल्या बाळाची नाडी मध्य; तेच बाळ दुसऱ्या दिवशी कृत्तिकेवर जन्मलं असतं तर अंत्य. आईबाप तेच, रक्त तेच, नाडी मात्र बदलली. सख्ख्या भावंडांच्या नाड्या वेगळ्या असू शकतात आणि एकाच क्षणी नागपुरात आणि नैरोबीत जन्मलेल्या दोन बाळांची नाडी एक. जी गोष्ट आईबापांकडून येतच नाही, तिच्यावरून नात्याची जवळीक कशी कळणार?

रक्तगट मात्र आईबापांकडूनच येतो. नवव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाची एक प्रत आईची, एक वडिलांची. ए आणि बी प्रभावी, ओ अप्रभावी. दोन्ही प्रती ओ असल्या तरच गट ओ. म्हणून बी गटाच्या जोडप्याला ओ गटाचं मूल होऊ शकतं, आणि त्यावरून सुनेवर संशय घेणं हा धडधडीत अन्याय आहे. भारतात बी आणि ओ हे दोन गट मिळूनच निम्म्याहून अधिक लोक आहेत. एकाच गटाची जोडपी प्रत्येक वाड्यात, प्रत्येक सोसायटीत आहेत आणि त्यांची मुलंबाळं सुखरूप आहेत. रक्तगटात काळजी घ्यावी लागते ती उलट, गट वेगळे असतात तेव्हा : आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर. त्यावरही १९६८ पासून अँटी-डीचं इंजेक्शन आहे.

गोत्राचा आधार घेणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. गोत्र फक्त बापाच्या बाजूने मोजलं जातं. सगोत्र वर्ज्य आणि मामाची मुलगी चालते, असं आपल्याकडे कित्येक समाजांत आहे. आते-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं मात्र एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात.

मग पाहायचं काय? हिमोग्लोबिन. अकराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात एक अक्षर बदलतं आणि हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. दोन्ही प्रती अशा असल्या तर सिकलसेल. ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडा-सांध्यांतून असह्य कळा येतात. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडे ‘एसएस पॅटर्न’ आणि ‘एएस पॅटर्न’ हे शब्द घराघरांत ठाऊक आहेत. एएस म्हणजे वाहक : एकच प्रत बदललेली, माणूस धडधाकट, ते तपासल्याशिवाय कळत नाही.

दोन वाहकांच्या प्रत्येक गर्भाला एसएस होण्याची शक्यता चारात एक. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली’ हा हिशेब चुकीचा आहे आणि त्याने घरं उद्ध्वस्त केली आहेत. प्रत्येक गरोदरपणात सोडत नव्याने निघते. मागच्या निकालाची तिला आठवण नसते. थॅलेसेमियाचंही असंच. सिंधी, पंजाबी, लोहाणा समाजांत तो जास्त आढळतो, पण इतर सुटलेले नाहीत. त्याच्या वाहकाला नुसता अशक्तपणा समजून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. खरा उलगडा एचबी-ए२ मोजल्यावर होतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे : ही चाचणी म्हणजे नवा दोष ठरेल आणि भोगावं लागेल मुलीलाच. भीती खरी आहे, म्हणून चाचणी टाळण्याऐवजी तिची रीत ठरवली पाहिजे. वाहक असणं हा कलंक नाही. सिकलसेलच्या वाहकांना मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकलं ते त्यामुळेच. एक वाहक आणि दुसरा पूर्ण निर्दोष, तर एसएस मूल होत नाही. सोयरीक मोडायचं कारणच नाही. दोघेही वाहक असतील तरी लग्नाचा निर्णय त्यांचा. गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना तपासता येतो, हे त्यांना आधी माहीत असलं पाहिजे.

तपासणी कॉलेजच्या वयातच व्हावी, स्थळं पाहायला लागण्याआधी. निकाल बायोडेटात छापू नये. तो गावाने वाचायचा कागद नाही. बोलणी पुढे गेली की मुलामुलीने तो एकमेकांना दाखवावा. आणि ‘मुलीकडच्यांनी आधी दाखवा’ ही अट कुणी घातली तर ती मानू नये : दोघांचे अहवाल एकाच बैठकीत समोर यावेत.