विमा खाटेचा, आजार जन्माचा

सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया या रक्तविकारांचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात झाला. हे आजार जन्मभराचे आहेत, हे कायद्याने मान्य केले. विमा योजनांना मात्र ते अद्याप पुरते उमगलेले नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. खासगी विम्यात आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. येथे तो पहिल्या दिवसापासून ग्राह्य धरला जातो. ही सवलत मोठीच. परंतु योजनेचा हिशेब मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यावर बेतलेला आहे. घरी परतल्यानंतर औषधे मिळतात ती १५ दिवसांची. सोळाव्या दिवशी आजार संपत नाही.

गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यावरील हायड्रॉक्सियुरिया हे औषध रोज घ्यावे लागते. त्यामुळे प्रौढ रुग्णांतील तीव्र वेदनांचे झटके जवळपास निम्म्यावर येतात, हे अमेरिकेतील चाचणीने १९९५ मध्येच दाखवून दिले. थॅलेसेमियात वारंवार रक्त चढवल्याने साचणारे लोह औषधाने बाहेर काढले नाही, तर हृदय आणि यकृत निकामी होऊ शकते. म्हणजे झटका आल्यावर खाटेचा खर्च विमा उचलणार. तो टाळणाऱ्या गोळीचा नाही!

सरकारी केंद्रांत औषध मोफत असताना विमा कशाला, असा प्रश्न निघेल. जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, ते स्वागतार्हच आहे. पण केंद्रातील साठा संपला की रुग्णाला औषध दुकानाची पायरी चढावी लागते आणि तेथे विम्याचे कार्ड चालत नाही. रोजंदारीवरचे कुटुंब मग औषधात खंड पाडते.

बाह्यरुग्ण खर्चाचे दावे असंख्य आणि पडताळणीस अवघड, हा विमा यंत्रणेचा आक्षेप सरसकट खोटा नाही. मात्र या रुग्णांचे निदान तपासणीने सिद्ध झालेले असते, औषध ठरलेले असते आणि मात्राही ठाऊक असते. त्यांचा वर्षाचा खर्च आधीच मांडता येतो. निदान या आजारांपुरती तरी रोजची औषधे आणि नियमित रक्ततपासण्या विम्याच्या कक्षेत आणायला हव्यात. अन्यथा, औषधाअभावी रुग्ण खाटेवर येईपर्यंत वाट पाहणारी ही व्यवस्था शेवटी सरकारी तिजोरीलाच महाग पडेल.