मुद्दा, मेख आणि क्रक्स

"मराठीत 'क्रक्स'ला शब्द नाही," असे एका विद्वान स्नेह्यांनी परवा बुलढाण्यास एका व्याख्यानानंतर आम्हांस मोठ्या खेदाने सांगितले. खेद त्यांच्या मुद्रेवर होता खरा, पण त्याच्या आड थोडे समाधानही दडले असावे असा आमचा ग्रह झाला. घरची भाषा दरिद्री ठरली, म्हणजे परक्या श्रीमंत भाषेत आपली जी ऊठबस असते तिचे मोल आपोआप वाढते. त्या वेळी आम्ही गप्प बसलो. पण गप्प बसण्याचा परिणाम एकदा पाहून चुकलो असल्यामुळे पुन्हा तसे करावयाचे नाही, असे ठरवून हे लिहीत आहोत.

वादाचा गाभा सांगण्यासाठी इंग्रजांजवळ शब्द पुष्कळ आहेत, हे प्रथमच मान्य करू. पण हे शब्द त्यांनी आणले कोठून? 'क्रक्स' म्हणजे लॅटिनमधला क्रूस. पंडितांनी तो आधी न सुटणाऱ्या कोड्यास लावला, आणि पुढे ज्यावर सारे अडून आहे अशा गोष्टीस तो लागू झाला. 'जिस्ट' हा जुन्या फ्रेंच कायद्यातला. दावा कशावर उभा आहे हे सांगताना वकील जे क्रियापद योजीत, त्याचेच पुढे नाम झाले. 'नब' म्हणजे गाठ किंवा गठळी. 'पिथ' म्हणजे देठाच्या आतला मऊ भाग. 'कर्नल' म्हणजे कवचातला गर (पलटणीतला नव्हे). 'बॉटम लाइन' ही तर दुकानदाराच्या हिशेबातली शेवटची ओळ, जिच्यात नफा-तोटा कळतो. सारांश, इंग्रज माणूस या शब्दांसाठी फार दूर गेला नाही. तो आपल्या कचेरीत, शेतात आणि दुकानात गेला.

मग आम्हांस कचेरी, शेत आणि दुकान नव्हते की काय? 'मुद्दा' हा शब्दच पाहा. तो अरबीतून आला आणि मूळचा अर्थ 'ज्याचा दावा केला आहे ते'. फिर्याद करणारा तो मुद्दई. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १४ व्या आदेशात वादातील प्रश्न निश्चित करण्यास सांगितले आहे. त्यालाच आमच्याकडील पक्षकार 'मुद्दे काढणे' म्हणतात. म्हणजे 'जिस्ट' आणि 'मुद्दा' हे दोघे एकाच कचेरीच्या ओसरीवर बसलेले आहेत. 'मेख' ही फारशी खुंटी. ती ठोकणाऱ्या ग्यानबाला तर मराठीत घरोघर ओळखतात. 'गोम' म्हणजे असंख्य पायांचा किडा. जुने अश्वपरीक्षक घोड्याच्या अंगावरील केसांच्या तसल्याच ओळीला गोम म्हणत व तसे जनावर घेण्यास बिचकत. 'गाभा' केळीच्या खांबातला, 'मथितार्थ' ताकाच्या डेऱ्यातला. 'मर्म' वैद्यकातले, सुश्रुताने शरीरात १०७ मर्मे सांगितली आहेत आणि तेथे घाव बसला तर प्राणावर बेतते. 'कळीचा मुद्दा' यातील कळ ही कुलपाची वा यंत्राची, असे आम्ही समजतो. 'कळीचा नारद' यातील कळ भांडणाची. वर्तमानपत्रांत पुष्कळदा या दोहोंपैकी कोणती अभिप्रेत आहे हे मात्र सांगता येत नाही.

आणि हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत, ही गोष्ट आमच्या स्नेह्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. भांडण ज्याबद्दल आहे तो मुद्दा. ते सुटता सुटत नाही ते जेथे, ती मेख. वरून चांगल्या दिसणाऱ्या व्यवहारात लपलेली खोट ती गोम. बोट लावताच समोरचा कळवळतो ते मर्म. सगळी चर्चा घुसळून जे हाती लागते तो मथितार्थ. 'क्रक्स' या एका शब्दात यांतील दोन-तीन अर्थ खिचडीसारखे शिजतात. म्हणून 'क्रक्स'ला मराठीत शब्द नाही हे एका अर्थी खरेच आहे. शब्द एक नाही, कारण आधी नेमके काय म्हणावयाचे ते ठरवावे लागते. आणि ठरविण्याचा हा त्रास चुकावा, म्हणूनच पुष्कळांना 'क्रक्स' आवडतो अशी आमची दाट शंका आहे.

आमची ही तक्रार भाषाशुद्धीच्या सोवळ्यातून आलेली नाही, हे येथेच सांगून टाकतो. वर दिलेल्या शब्दांपैकी मुद्दा आणि मेख हे महत्त्वाचे दोन बाहेरूनच आलेले. उद्या 'क्रक्स' खळ्यावर आणि चावडीवर रुळला तर आम्ही त्यास पाट-पाणी देऊ. तक्रार आहे ती त्याच्या नावाने होणाऱ्या चुकवाचुकवीची.

२०२१ च्या खरिपातील गोष्ट. मेहकर तालुक्यातील एका गावी पीक विम्याची माहिती देण्यासाठी सभा भरली होती. शाळेत नोकरी केलेली, म्हणून आम्हांसही व्यासपीठावर बसविले होते. एका कंपनीचे तरुण प्रतिनिधी बोलावयास उभे राहिले. मुलगा हुशार आणि मनाचा सरळ. त्याने योजना २०१६ च्या खरिपात सुरू झाली तेथपासून प्रारंभ केला. मग हप्ता, मग मंडळ, मग उंबरठा उत्पन्न. चाळीस मिनिटांनी तो म्हणाला, "तर ॲट द एंड ऑफ द डे, बॉटम लाइन काय, तर टाइमली इंटिमेशन. सेव्हंटी टू अवर्स. हा सगळ्याचा क्रक्स आहे." आम्ही मान डोलावली. शेजारच्या एका पदवीधराने लोकांसाठी त्याचे मराठी केले: "दिवसाच्या शेवटी, वेळेत सूचना देणे ही तळाची ओळ आहे." टाळ्या पडल्या. बहात्तर तास भाषांतरात गळाले, हे आमच्या कानांना कळले. पण सभेत कोणास दुरुस्त करणे बरे दिसत नाही, म्हणून आम्ही बसून राहिलो.

पुढे सप्टेंबरात नाल्याचे पाणी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या सोयाबीनमध्ये शिरले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे अशा नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावयाची होती. पाणी उतरेल, चिखल वाळेल, मग नुकसान किती ते नीट दिसेल, या हिशेबाने तो सहाव्या दिवशी गेला. त्याची नोंद झाली नाही. तो आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "गुरुजी, मंग हे त्या दिवशी काऊन नाही सांगतलं?" सांगितले होते, असे उत्तर आमच्या ओठांवर आले. ते खरेही होते. आम्ही ते दिले नाही.

ज्या मुलखात हे घडले त्याच मुलखातील लोणार आणि मेहकर ही गावे चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन झाली आहेत. त्यांच्या वचनांवरून केशिराजबासांनी रचलेल्या 'दृष्टांतपाठा'ची रीत अभ्यासण्यासारखी आहे. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. म्हणजे सांगावयाचे ते पहिल्या ओळीत, गोष्ट नंतर, आणि गोष्टीचा सूत्राशी सांधा शेवटी. ऐकणारा मध्येच उठून गेला तरी सूत्र घेऊन जातो. हेच केशिराजबास संस्कृतात रचना करू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांस थांबविले, कारण अशाने पंथातल्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील. तेराव्या शतकात ज्यांची काळजी वाहिली गेली, त्यांची मुलेबाळे आज आमच्यासमोर सतरंजीवर बसतात, आणि आम्ही त्यांस तळाची ओळ देतो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: कारभाराची भाषा अशीच असावयाची, इंग्रजीशिवाय नेमकेपणा येत नाही. आक्षेपकांनी एवढेच पाहावे की, इंग्लंडात सरकारी नोकरांच्या लिखाणाचा उबग येऊन तेथील अर्थखात्याच्या सूचनेवरूनच सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक १९४८ साली लिहिले. म्हणजे जी सवय त्यांच्या घरी दोष म्हणून खोडून काढावयाची होती, ती आम्ही येथे विद्वत्ता म्हणून अंगावर घालून मिरवितो. नेमकेपणाचेच बोलावयाचे तर 'तीन दिवसांच्या आत कळवा' यात कोणती उणीव आहे?

२०२२ च्या जूनमध्ये पुन्हा सभा ठरली. या वेळी आम्ही वक्त्यास आधीच गाठून विनविले की, पहिले वाक्य मुदतीचे असू द्या, मग योजनेचा इतिहास हवा तेवढा सांगा. त्याने ते आनंदाने मानले. सभेच्या आदल्या दिवशी शाळेतल्या मुलांकडून चावडीच्या भिंतीवर चुन्याने मोठ्या अक्षरांत लिहवून घेतले: पाणी शिरले की तीन दिवसांच्या आत कळवा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याखाली कोणी तरी कोळशाने विचारलेले होते, "रविवार धरून का?" वक्त्यास ते दाखविले. तो क्षणभर थांबला, आणि कचेरीत विचारून सांगतो म्हणाला.